गेमिंग पीसी कधी अपग्रेड करायचा आणि कधी पैसे खिशातच ठेवायचे

सोलापुरात ज्याच्या ज्याच्या घरी गेमिंगचा पीसी आहे त्याच्याकडून एक प्रश्न हमखास येतो, "गेम लई अटकायलंय, ग्राफिक कार्ड बदलू का?" माझं म्हणणं असतं, आधी कुठला गेम खेळतोस, मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, आत्ता किती एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, येतायत आणि तुला किती पाहिजेत हे सांग, कार्डाचं नंतर बघू. बऱ्याच वेळा अटकण्याचं कारण कार्ड नसतंच, आणि पंचवीस-तीस हजारांचं नवीन कार्ड घालूनही गेम तसाच अटकत राहिला तर घरी सांगायचं काय, वडिलांनी एकदा पैसे दिलेले असतात, परत मागायचे कुठल्या तोंडानं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, तुमच्या पीसीला लावून बघा.

नवीन कार्ड लाँच झालं, यूट्यूबवर कुणीतरी जुन्या कार्डाला डेड म्हणालं, मित्रानं घेतलं, ह्यातलं एकही अपग्रेडचं कारण नाही. तुम्ही रोज खेळता तो गेम पाहिजे तसा चालेना, साफसफाई आणि सेटिंग करूनही चालेना, आणि कुठला पार्ट अडवतोय ते मोजून कळलं, की मग वेळ आली समजायचं. क्रम हाच ठेवायचा, उलटा नाही.

आधी तुम्हाला किती पाहिजे ते ठरवा

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, गेम ११० एफपीएसनं चालला तरी तुम्हाला दिसणार तेवढंच, माऊसचा प्रतिसाद थोडा हलका वाटेल बस. म्हणजे व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणाऱ्याकडे आधीच १०० च्या वर एफपीएस येत असतील आणि मॉनिटर ६० चा असेल तर त्याचं पहिलं अपग्रेड मॉनिटर आहे, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा, कार्ड नाही. आणि तोच माणूस कंट्रोलर घेऊन स्टोरीवाले गेम खेळत असेल तर त्याला स्थिर ६० पुरतात, माझ्या मते स्थिर ४५-५० सुद्धा चालतात, पण ते स्थिर पाहिजेत, ८० वरून ३० वर उड्या मारणारे नकोत.

इथंच दोन गोष्टी तपासून घ्या, हसू नका, चांगल्या चांगल्यांच्या पीसीत सापडतात. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाच्या पोर्टात आहे ना, की वर मदरबोर्डच्या पोर्टात लावलीय? आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट खरंच १४४ निवडलाय ना? १४४ चा मॉनिटर आणून ६० वरच चालवणारी मंडळी आहेत.

सोलापूरचा उन्हाळा हा पीसीचा वेगळा पार्ट धरा

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून आपल्याकडचं टेम्परेचर ठरवता येत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, रात्री खोलीत २२-२३ अंश असतात आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ असताना वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत रात्री दहाला सुद्धा ३५-३६ असतात. पीसीतला पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळं खोली जितके अंश तापली जवळपास तितकेच अंश कार्ड आणि प्रोसेसर वर जातात. जानेवारीत ७२ वर चालणारं कार्ड मेमध्ये ८४ वर गेलं तर त्यात कार्डाचा काही दोष नाही. पण एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा क्लॉक, म्हणजे वेग, कमी करायला लागतात, इंटेलचे प्रोसेसर १०० ला आणि एएमडीचे रायझन ९०-९५ ला हात आखडतात, आणि तुम्हाला वाटतं की पीसी म्हातारा झाला. तर मेमध्ये अटकायला लागलेला पीसी मेमध्येच बदलायला निघू नका, आधी त्याचा ताप उतरवा.

दुसरं म्हणजे धूळ, आणि पूर्व भागात राहत असाल तर धुळीबरोबर सूत. ओळखीच्या एकाचं घर तिकडं आहे, घराच्या पाठीमागं यंत्रमागाची शेड, टॉवेलचं काम दिवसरात्र चालू. त्याचा गेम दहा मिनिटं नीट चालायचा आणि मग एफपीएस निम्म्यावर यायचे, तो नवीन कार्ड मागवायच्याच बेतात होता. कॅबिनेटची बाजू काढली तर वरून सगळं बरं दिसत होतं, पण कार्ड बाहेर काढून पंखा सोडवला तेव्हा हीटसिंकच्या पत्र्यांवर सुताचा थर बसलेला, बोटानं कडा धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, चक्क टॉवेलच्या चिंधीसारखा. मागं कार्ड, एनव्हिडियाचं जुनं १०६०, अगदी धडधाकट. साफ केलं, दोन-तीनशे रुपयांची थर्मल पेस्ट लावली, टेम्परेचर ऐंशीच्या वरून सत्तरीच्या आत आलं आणि तोच गेम पुन्हा तसाच चालायला लागला.

साफ करताना ब्लोअर मारा पण पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरानं तो भलत्या स्पीडनं फिरतो आणि बेअरिंग जातं. प्लग काढून, गच्चीवर किंवा अंगणात नेऊन करा, ओलं फडकं अजिबात नको. आणि रायझनच्या एएम४ (प्रोसेसरच्या सॉकेटचा एक प्रकार) बोर्डवर प्रोसेसरचा कूलर काढायचा असेल तर आधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून, प्लग काढून, कूलर हळूच डावी-उजवीकडं फिरवत सोडवा, सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. घरी पाण्याचा कूलर लावत असाल तर खोलीला फायदाच आहे, फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, तुषार आत जातात.

ह्यानंतरही गरम होत असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर ह्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड थोडं अंडरव्होल्ट करा, म्हणजे त्याचं व्होल्टेज जरा उतरवा, किंवा गेममध्ये एफपीएस ६० वर लॉक करा. मॉनिटर ६० चा असताना कार्डाला १२० काढायला लावून खोली तापवण्यात काय मिळतं?

फुकटात होणारं आधी उरका

रॅमची एकच कांडी आहे का बघा. ८ जीबीची एक कांडी असेल तर तशीच दुसरी टाकून ड्युअल चॅनल झालं, म्हणजे दोन्ही कांड्या एकदम कामाला लागल्या, की बऱ्याच गेममध्ये झटके लगेच कमी होतात, ही जोडणी फुकट नाही पण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त. दोन कांड्या असतील तर त्या योग्य खाचांत आहेत का ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून मोजली तर दुसरी आणि चौथी. मग बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग) चालू आहे का बघा, ते बंद असेल तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असते, आणि असेंबल करून देणारे बऱ्याचदा हे चालू करतच नाहीत.

ग्राफिक ड्रायव्हर नवीन टाका, मागं चालणारे लाँचर आणि ब्राउझरच्या पन्नास टॅब बंद करा. गेमच्या सेटिंगमध्ये सगळं एकदम लो करू नका, शॅडो, व्हॉल्युमेट्रिक धुकं, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड दाखवणं) ही आधी खाली आणा, ह्यांचं ओझं जास्त आणि दिसण्यात फरक थोडा. टेक्श्चर मात्र कार्डाच्या मेमरीत मावत असतील तोवर हाय ठेवा. एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस (चित्र कमी रेझोल्युशनवर काढून मोठं करणारी सोय) क्वालिटीवर लावा, जुनं कार्ड असेल तर तशीच एएमडीची सोय, एफएसआर, बऱ्याच गेममध्ये मिळते आणि तिची चौथ्याच्या आधीची व्हर्जन कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. १०८० पी ला एफएसआर थोडं धूसर दिसतं हे खरं, पण अजून एक वर्ष निघत असेल तर मी ते धूसर चालवून घेईन.

आता मोजा, अंदाज नको

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिवाट्युनर टाका, दोन्ही फुकट, कार्ड कुठल्याही कंपनीचं असू दे. स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं दिसू द्या: कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाचं टेम्परेचर आणि क्लॉक, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (आतल्या एकेका काम करणाऱ्या भागाचा) वापर वेगवेगळा, रॅम, एफपीएस आणि फ्रेम टाइमची (एकेका चित्राला किती वेळ लागला त्याची) रेघ. मग गेमच्या मेन्यूत बसून नाही, जिथं खरंच अटकतं त्याच जागी, गर्दीच्या मॅचमध्ये, शहरात गाडी पळवताना, अर्धा तास खेळा आणि कोपऱ्याकडं बघा.

कार्डाचा वापर ९५-९९ टक्के सतत आणि तरीही एफपीएस कमी, तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर निवांत बसलंय आणि एफपीएस कमी, एखादा कोअर १०० ला टेकलाय, तर प्रोसेसर अडवतोय. इथं एक फसगत होते, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर रिकामाच आहे, पण गेमचं मुख्य काम एक-दोन कोअरवरच चाललेलं असतं, ते भरले की बाकीचे रिकामे असून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक कोअर वेगळा बघायचा.

अजून खात्री पाहिजे असेल तर साधी टेस्ट, गेमचं रेझोल्युशन १०८० पी वरून ७२० पी करा. एफपीएस चांगले उसळले तर अडचण कार्डाची होती, जिथल्या तिथं राहिले तर प्रोसेसरची, कारण रेझोल्युशन कमी केल्यानं कार्डाचं काम कमी होतं, प्रोसेसरचं होत नाही. ह्या टेस्टला एक रुपया लागत नाही आणि हजारो रुपये वाचतात.

माझा मावसभाऊ विजापूर रोडला राहतो, त्याच्याकडं इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह आणि १०६०, दिवसभर व्हॅलोरंट, आणि डोक्यात ४०६० कार्ड. मोजलं तर कार्ड पन्नास टक्क्यांच्याही वर जात नव्हतं आणि चारपैकी एक कोअर कायम शंभरला. त्या गेमसाठी त्यानं ४०६० काय ५०९० घातलं असतं तरी एफपीएस तेवढेच राहिले असते. कार्डाचे पैसे त्यानं वापरलेला रायझन ५ ५६००, बोर्ड आणि त्याला लागणाऱ्या रॅमकडं वळवले, कार्ड तेच १०६० ठेवलं आणि त्याचं काम झालं.

एफपीएस चांगले दिसतायत पण मधूनच गचका बसतो, अशी तक्रार असेल तर सरासरी बघू नका, १ टक्का लो (सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का चित्रांचे एफपीएस) म्हणतात तो आकडा बघा आणि फ्रेम टाइमची रेघ बघा, सरळ असायला पाहिजे, करवतीसारखे दात दिसले तर तोच गचका. कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली असेल, ४ जीबीच्या १६५० वर हे नव्या गेममध्ये सारखं होतं, तर टेक्श्चर एक पायरी खाली आणा, रेघ सरळ होते का बघा. रॅम ८ जीबी असेल आणि ७.५ वापरात दिसत असेल तर गचका रॅमचा. आणि गेम हार्ड डिस्कवर असेल, नवीन भागात गेलं की अडकतो, भिंती धूसर येऊन मग स्पष्ट होतात, तर तो डिस्कचा.

कुठल्या पार्टची वेळ कधी येते

एसएसडीचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. अजून हार्ड डिस्कवरून गेम खेळत असाल तर विचार करू नका, एसएसडी घ्या, सायबरपंक, स्टारफील्ड, बाल्डर्स गेट ३ ह्यांच्या अधिकृत रिक्वायरमेंटमध्येच एसएसडी लिहिलंय. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, हार्ड डिस्क १००-१५० च्या आसपास. एफपीएसचा आकडा वाढेल अशी आशा ठेवू नका, लोडिंग आणि गचके कमी होतील. पण साटावरून महागड्या जेन ४ एनव्हीएमई (जास्त वेगवान) एसएसडीवर फक्त गेमसाठी जाण्यात मला अजून तरी अर्थ दिसत नाही.

रॅम १६ जीबी हा आज किमान आकडा धरा. पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव प्रचंड वाढले, एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी वाढली, कंपन्यांनी माल तिकडं वळवला, आणि क्रुशल ब्रँडनं घरगुती रॅम विकणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळं १६ असताना उगाच ३२ करायला ही वेळ नाही, आणि डीडीआर५ ह्या नव्या प्रकारच्या रॅमवाल्या पीसीचा हिशेब करताना जुन्या व्हिडिओतले भाव धरू नका, त्या आठवड्याचा भाव विचारा. तुमच्याकडची डीडीआर४ रॅम चांगली असेल तर तिला धरून राहा, तिच्यावर चालणारा चांगला प्रोसेसर शोधा, त्यात शहाणपण आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत प्रश्न एका पार्टचा नसतो, साखळीचा असतो. प्रोसेसर बदलला तर बोर्ड बदलावा लागतो का, बोर्ड बदलला तर रॅम बदलावी लागते का, हे आधी विचारा. एएम४ वाले नशीबवान, २०१७-१८ चा बी३५० किंवा बी४५० बोर्ड असला तरी बायोस अपडेट करून बऱ्याच बोर्डांवर रायझन ५००० सिरीज बसते, तुमच्या बोर्डच्या कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट असते ती वाचा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचा, आणि यूपीएसवर करायचा, मधेच लाईट गेली तर बोर्ड उठणारच नाही. इंटेलचा १२ व्या जनरेशनचा बोर्ड असेल तर १३ आणि १४ व्या जनरेशनचे प्रोसेसर त्यालाच बसतात. चौथ्या, सहाव्या, सातव्या जनरेशनवाल्यांनी मात्र त्याच बोर्डवर पैसे टाकायचं थांबवावं. दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनला तर एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधली एक गणिताची सोय) नाहीच आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूसुद्धा होत नाहीत.

विंडोजचा मुद्दाही ह्यातच येतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेल आठवी जनरेशन किंवा रायझन २००० आणि पुढचं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) चालू असल्याशिवाय उघडत नाही, बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. गेम उघडत नाही म्हणून पीसी बदलायला निघण्याआधी बायोसमध्ये बघा, पुष्कळ पीसींत हे दोन्ही असतात, फक्त बंद असतात.

कार्डाचं सांगायचं तर माझा स्वतःचा नियम असा, नवीन कार्ड जुन्याच्या किमान दीडपट एफपीएस देत नसेल तर घ्यायचं नाही. १६६० सुपरवरून ३०५० घेणं म्हणजे जागच्या जागी उडी. ३०६० वरून ४०६० घेतलं तर वेग साधारण वीस टक्के वाढतो आणि मेमरी उलट १२ वरून ८ जीबीवर येते, त्याला अपग्रेड म्हणायला माझं मन होत नाही. पण १०५० टीआय, १०६० किंवा एएमडीच्या आरएक्स ५७० वरून आरएक्स ६६०० किंवा ४०६०-५०६० वर आलात तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

जुन्या कार्डांच्या बाबतीत खरी सीमा एफपीएसची नाही, सपोर्टची आहे. एनव्हिडियानं ९०० आणि १००० सिरीजसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. १६५०, १६६० त्यात नाहीत, ती पुढच्या, ट्युरिंग नावाच्या पिढीची, त्यांना ड्रायव्हर चालू आहेत. शिवाय डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा नवा डूम ह्यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, सेटिंग लो करून भागत नाही. असले गेम खेळायचे असतील तर तुमच्या जीटीएक्सची (१०६०, १६५०, १६६० सारख्या कार्डाची) वेळ झाली. पण तुम्ही जीटीए ५, व्हॅलोरंट, क्रिकेट, फुटबॉल एवढंच खेळत असाल तर १०६० आजही काम करतंय, त्याला करू द्या.

लाईट, अर्थिंग आणि एसएमपीएस

ह्या भागावर सगळ्यात कमी लोक पैसे खर्च करतात आणि सगळ्यात जास्त पीसी इथंच जातात, म्हणून मनापासून सांगतो, हे वगळू नका. नवीन कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज देणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. नाव न ऐकलेल्या कंपनीचं, कॅबिनेटबरोबर फुकट आलेलं, ४५० वॅट लिहिलेलं आणि वजनाला हलकं असेल तर तो आकडा खरा धरू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर आहेत ते बघा, १२ नं गुणा, तेवढेच वॅट कार्ड आणि प्रोसेसरच्या कामाचे. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या सुरक्षेची हमी देत नाही, म्हणून त्या मॉडेलचा रिव्ह्यू वाचूनच घ्या.

कार्ड किती खातं तेही बघा. ४०६० ला ११५ वॅट, आरएक्स ६६०० ला १३२, ५०६० ला १४५, ३०६० ला १७०, जुन्या आरएक्स ५८० ला १८५. मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट, एसएमपीएसच्या ६ पिन वायरमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० मिळतात. ऑफिसमधून निघालेला डेल किंवा एचपीचा टॉवर असेल, त्यात कार्डासाठी जास्तीची वायरच नसेल, तर ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटचं आहे, ते बहुतेक वेळा वायरशिवाय चालतं. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वायरवरून) ८ पिन करणारे कन्व्हर्टर मिळतात, ते लावू नका, वायर वितळते.

आपल्याकडं उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात लाईट जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं, हे नवीन नाही. कॅबिनेटला हात लागला की बारीक शॉक बसतो? मग पीसी अपग्रेड करण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा, घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. जुन्या पेठांतल्या वाड्यांत, जुन्या वायरिंगच्या घरांत हे आवर्जून तपासा, नाहीतर नवं कार्डही त्याच शॉकवर चालणार. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅट देतो, पीसी आणि मॉनिटर मिळून गेममध्ये त्याच्या पुढं जात असतील तर लाईट गेल्याबरोबर पीसीही बंद होणार, मग तो यूपीएस नावालाच.

गेम चालू असताना पीसी एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतो, निळी स्क्रीन न येता, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

थांबायचं कधी

जीटीए ६ साठी आत्ताच पीसी बनवून ठेवू का, हा प्रश्न लई जण विचारतात. नका. हे लिहितोय तोवर १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची जाहीर झालीय, पीसीची तारीखच नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, रेड डेड २ ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. न आलेल्या गेमसाठी आज घेतलेलं कार्ड तो गेम येईपर्यंत जुनं झालेलं असेल.

बारावीचं किंवा इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष असेल तरी थांबा, परीक्षा झाल्यावर घ्या, तेवढ्या महिन्यांत तेच पैसे बहुतेक वेळा जास्त माल देतात, रॅमसारखा अपवाद सोडला तर. आणि हिशेब करताना कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस अशी यादी वाढत जाऊन नव्या पीसीच्या निम्म्याच्या वर खर्च जायला लागला तर तुकड्या-तुकड्यानं बदलू नका, जुना अख्खा पीसी चालू स्थितीत विका आणि नवीन असेंबल करा. चालू पीसी गिऱ्हाईकाला समोर गेम लावून दाखवता येतो, त्याला भाव येतो, सुट्या जुन्या बोर्डाला कोण विचारत नाही.

जुनं कार्ड आणि दुकान

सेकंड हँडला माझा विरोध नाही, आपल्या बजेटमध्ये बऱ्याचदा तोच खरा मार्ग आहे. फक्त कुरिअरनं आंधळेपणानं मागवू नका, समोर बसून बघा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, बनावट बायोस टाकलेल्या कार्डाच्या नावापुढं ते फेक असं दाखवतं. आरएक्स ५८० घेताना शेडरचा (चित्र काढणाऱ्या आतल्या युनिटांचा) आकडा बघा, २३०४ असेल तर खरं, २०४८ असेल तर ते कमी ताकदीचं मॉडेल, भाव त्याप्रमाणं पाडा. मग अर्धा तास जड गेम किंवा फरमार्क ही कार्डावर ताण देणारी टेस्ट चालवा, स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेघा येतात का, पंखा खरखरतो का, टेम्परेचर कुठं थांबतं. विकणारा अर्धा तास द्यायला तयार नसेल तर उठून या.

नवीन घेताना नवी पेठेतल्या दुकानाचा भाव आणि ऑनलाइनचा भाव दोन्ही काढा, पाचशे-हजाराचा फरक असेल तर मी दुकानातून घेईन, कारण बंद पडल्यावर जाऊन उभं राहायला माणूस असतो. पण दोन्हीकडं पक्कं जीएसटी बिल, बिलावर सिरीयल नंबर, आणि वॉरंटीत पार्ट सोलापुरातच जमा होतो की पुण्याला पाठवावा लागतो हे पैसे देण्याआधी विचारा. अडीचशे किलोमीटर पार्ट जाऊन यायचा म्हणजे मधले दिवस पीसी बंद, तेव्हा जुनं कार्ड लगेच विकू नका, नवीन महिनाभर नीट चाललं की मग विका.

नवीन कार्ड बसवलं की जुन्या ड्रायव्हरवर नवा टाकू नका, डीडीयू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यानं जुना पूर्ण काढा, मग नवा. त्याच जागी, त्याच गेममध्ये, त्याच सेटिंगवर आफ्टरबर्नर लावून पुन्हा अर्धा तास खेळा आणि आधीचे आकडे शेजारी लिहा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर जातोय का, टेम्परेचर किती, १ टक्का लो किती वाढला. आकडे वाढले नसतील तर परत करायची मुदत असते, बहुतेक ठिकाणी थोडेच दिवस, म्हणून ही टेस्ट पहिल्या रात्रीच करा आणि तोवर खोका, फोम, पिना झाकायची टोपणं, सगळं जपून ठेवा.